माटलूची खुर्ची, खडूची रेघ

आमच्या ऑफिसात माणसांना लॉगिन नव्हतं, खुर्च्यांना होतं. नवीन माणसाला हे सांगितलं की तो हसतो. मीही पहिल्यांदा हसलेच होते.

पर्वत पाटिया या भागात, कापड मार्केटच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. साड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. कोणत्या मिलमध्ये किती ताके, म्हणजे कापडाचे तागे, रंगायला गेले, किती परत आले, किती भरतकामाला दिले, कुठलं पार्सल कुठल्या ट्रान्सपोर्टने गेलं, असा सगळा व्यवहार त्यात असतो. शेठनी धंदा सुरू केला तेव्हा पोरं यायची, जरा हात बसला की समोरच्या बिल्डिंगमध्ये जास्त पगारावर निघून जायची. दर वेळी नवं नाव, नवा पासवर्ड करायचा शेठना भारी कंटाळा. मग त्यांनी एकदाच बसून खुर्च्यांच्या नावाने लॉगिन करून टाकली. खिडकीजवळची ती ‘बारी’, पंख्याखालची ‘पंखो’, जिन्याच्या दाराशी होती ती ‘दादर’, आणि पाण्याच्या मडक्याला खेटून होती ती ‘माटलू’. गुजरातीत मडक्याला माटलूच म्हणतात. जो त्या खुर्चीवर बसेल त्याने ते लॉगिन वापरायचं. माणूस गेला तरी काम त्याच नावाने पुढे चालू राहायचं.

माटलूच्या खुर्चीवर माझा धाकटा भाऊ बसायचा. आता मी बसते.

मागच्या दिवाळीनंतर ऑफिसात ठरलं की जुनं एसव्हीएन सोडून गिटवर जायचं. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. एका प्रोग्रॅमवर पाच-सहा जण काम करतात, तेव्हा कुणी कधी कुठली ओळ बदलली आणि का बदलली याची नोंद ठेवणारी व्यवस्था लागते. बदल करायचा, त्याखाली एक-दोन शब्दांचा निरोप लिहायचा आणि आत टाकायचा. त्याला एक नंबर मिळतो. उद्या बिल चुकलं तर मागे जाऊन बघता येतं, हे कुणाचं काम. आमची ही सगळी नोंद ऑफिसातल्याच एका जुन्या कॉम्प्युटरवर होती. तो एका कपाटात, शेठच्या देवांच्या खालच्या खणात ठेवलेला. दिवाळीत चोपड्यांची पूजा व्हायची तेव्हा शेठ त्याच्यावरही कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढायचे. अलीकडे तो घरघरायला लागला होता. नव्या पोरांना ते जुनं तंत्र येत नव्हतं, शिकायचीही त्यांची इच्छा नव्हती. आणि त्यात काम टाकायचं तर ऑफिसातच बसावं लागायचं, बाहेरून काही चालायचं नाही.

हे काम नव्या टीम लीडकडे आलं. ती अहमदाबादहून आलेली, माझ्यापेक्षा लहान, हुशार, भराभर बोलणारी. मला दीदी म्हणते. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना गोळा करून गिट दाखवलं. लॅपटॉपचं इंटरनेट बंद केलं, एक ओळ बदलली आणि तिथल्या तिथे नोंद करून दाखवली. बघा, म्हणाली, नेट नको, ऑफिस नको, ट्रेनमध्ये बसा, दवाखान्यात बसा, काम तुमच्याच नावाने तुमच्याजवळ राहतं, नेट आलं की वर पाठवून द्या. पोरांनी माना डोलवल्या. मी उठून पाणी प्यायले. खरं तर तहान नव्हती. दवाखान्यात बसा, हे तिने उगीच उदाहरण म्हणून सांगितलं होतं, तिला बिचारीला काय माहीत. पण मला त्या क्षणी तिचा फार राग आला. एवढं सोपं असेल तर हे तेव्हा का नव्हतं आमच्याकडे, असा तो राग होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं.

चारेक दिवसांनी ती माझ्याकडे एक तक्ता घेऊन आली. गिटला नुसतं ‘बारी’ किंवा ‘पंखो’ चालत नाही, त्याला माणसाचं नाव आणि मेल लागतो. तिने आज कुठल्या खुर्चीवर कोण बसतं ते बघून तक्ता भरूनही टाकला होता. माटलूसमोर माझं नाव होतं. दीदी, स्पेलिंग बरोबर आहे ना तेवढं बघा, म्हणाली.

मी म्हटलं, स्पेलिंग बरोबर आहे, माणूस चुकीचा आहे.

जरा जास्तच जोरात म्हटलं असणार, कारण पंखोवरचा मुलगा हेडफोन काढून बघायला लागला. लीडला काही कळेना. ती समजावायला लागली की जुन्या कामाला कुणाचं तरी नाव द्यावंच लागेल, आणि मी इतकी वर्षं या खुर्चीवर आहे, तर माझंच बरं. चांगलंच आहे की, म्हणाली, तुमच्या नावावर किती काम दिसेल. तेव्हा मी तिला सांगितलं की यातलं सुरुवातीचं सगळं काम माझ्या भावाचं आहे आणि तो आता नाही. तिने तक्ता मिटला. मडक्यातलं पाणी काढून मला दिलं.

भावाबद्दल किती सांगू. आम्ही इथल्याच डिंडोलीतले. आई-वडील खानदेशातून लग्नानंतर लगेच इकडे आले, वडिलांनी आयुष्यभर लूम चालवले. आबा म्हणतो आम्ही त्यांना. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, असं आमचं चालायचं. ऑफिसात आधी मी लागले, दादरच्या खुर्चीवर, फोन घ्यायला. व्यापारी फोन करायचे, बेन, बिल निघत नाही, बेन, प्रिंटर बंद आहे. भावाने बारडोलीला डिप्लोमा केला, आणि मीच शेठना सांगून त्याला आणलं. माटलूची खुर्ची कुणालाच नको असायची, कारण दर पाच मिनिटांनी कुणी तरी पाणी प्यायला येतं, तुमच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावतं आणि अक्कल शिकवतं. त्याला ती आवडायची. म्हणायचा, पाणी प्यायला आलेल्या माणसाला राग नसतो, त्याला काहीही विचारता येतं. शेठकडून सुट्टी त्याने नेहमी तिथेच मागितली.

तो चांगलं काम करायचा, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. आणि त्याचे निरोप वाचण्यासारखे असायचे. आम्ही बाकीचे दोन शब्द लिहून मोकळे व्हायचो, ‘बिल दुरुस्त’, ‘रिपोर्ट बदल’. तो इंग्रजी अक्षरांत अहिराणी-मराठी काय वाटेल ते लिहायचा. ‘मिलवाल्याने ताका कमी दिला तर आता ओरडेल, आधी गप्प बसायचं.’ ‘शेठले दोन रंग एकच दिसतस, म्हणून मोठा ठसा.’ शेठनी कधी वाचले नाहीत म्हणून बरं.

मग तो आजारी पडला. रक्ताचा आजार. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. एवढंच सांगते की आधी तो दवाखान्यातून परत यायचा, खुर्चीवर बसायचा, आठवडाभर नीट असायचा, पुन्हा जायचा. मग परत येणं बंद झालं. पण काम त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने मिलमधून परत येणाऱ्या मालाचा सगळा भाग नव्याने लिहायला घेतला होता आणि तो अर्धा राहिला होता. दवाखान्यात लॅपटॉप नेला तरी उपयोग नव्हता, नोंद करायची तर ऑफिसच्या त्या कपाटातल्या डब्यातच करावी लागायची. मग त्याने युक्ती काढली. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की मी दादरच्या खुर्चीवरून उठून माटलूवर बसायचे, फोन कानाला लावायचे आणि तो वॉर्डातल्या खाटेवरून सांगायचा. ही फाइल उघड. खाली ये. अजून खाली. इथे लिही. मला तेव्हा कोड येत नव्हता. तो अक्षर अक्षर सांगायचा, कंस कुठे, अर्धविराम कुठे. मी चुकले की चिडायचा, मग हसायचा.

“ताई, तू फक्त बोटं शे,” म्हणायचा. “डोकं मनं शे.” डोकं माझं आहे.

निरोपही तोच सांगायचा. सगळं झालं की थोडा थांबायचा, मनातल्या मनात परत एकदा तपासायचा, आणि मग म्हणायचा, “टाक आते.” आता टाक, एवढंच. मी बटण दाबायचे. फोनवर मागे वॉर्डातल्या ट्रॉलीचा आवाज यायचा आणि त्याला विचारायचं असायचं, गेलं का? गेलं, मी सांगायचे. नंबर काय आला? नंबर सांगायचे. त्याला तो नंबर ऐकायला आवडायचा. शेठना हे सगळं माहीत होतं, ते त्या वेळात पाणी प्यायला यायचे नाहीत.

तसं करता करता मला कोड यायला लागला. हे त्यालाच आधी कळलं. तो सांगायच्या आधी मी लिहून ठेवायला लागले.

शेवटी शेवटी त्याला बोलवेना. तोंडात फोड आले, मग दम पुरेना. तरी दुपारी मी फोन लावायचे. आई फोन त्याच्या कानाशी धरायची, मी काय लिहिते आहे ते मी त्याला वाचून दाखवायचे, आणि तो हुंकार द्यायचा. नंतर हुंकारही कधी यायचा, कधी नाही. काम मात्र चालू राहिलं, माझ्या बोटांनी आणि बहुतेक माझ्याच डोक्याने, आणि निरोप मी त्याच्यासारखेच लिहीत राहिले. मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिताच येत नव्हतं.

तो गेला. तेराव्यानंतर मी ऑफिसात गेले तर माटलूची खुर्ची तशीच होती, कुणी बसलेलं नव्हतं. मी दादरकडे वळले. शेठ केबिनच्या दारात उभे होते. ते म्हणाले, “बेन, त्यां नहीं. अहीं बेसो.” तिथे नको, इथे बसा. मी बसले. अर्धी राहिलेली फाइल उघडली, परत आलेल्या ताक्यांची नोंद पुरी केली आणि बटणावर बोट ठेवून थांबले. खूप वेळ थांबले. कुणी म्हणायला तर हवं होतं. निरोपाच्या जागी काही लिहायला सुचेना, कोरंच टाकून दिलं. त्यानंतर कितीतरी दिवस माटलूचे निरोप कोरेच आहेत.

हे सगळं मी लीडला एका दमात सांगितलं नाही, तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. ती ऐकून घेत गेली आणि मग तिने तिच्या पद्धतीने मार्ग काढला. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला नावाच्या दोन जागा असतात, म्हणाली, काम कुणी केलं आणि आत कुणी टाकलं. दुसऱ्याचं काम आपण टाकलं तर दोघांचीही नावं राहतात. फोनवरच्या दिवसांसाठी पहिल्या जागी त्याचं नाव, दुसऱ्या जागी तुमचं. मला हे ऐकून रडू आलं. माझ्या आणि त्याच्या त्या दुपारींसाठी कुणी तरी, कुठे तरी, आधीच जागा करून ठेवली होती, आणि आम्हाला ते माहीत नव्हतं. मेलही लागेल, म्हणाली. मी त्याचा जुना दिला. त्याच्यावर अजून वाढदिवसाला सवलतींच्या जाहिराती येतात.

मग ती म्हणाली, “दीदी, मुझे बस एक नंबर दे दो. वहाँ तक सब उनका, उसके बाद आपका.”

एक नंबर. मी म्हटलं देते. हातचा मळ वाटलं होतं मला.

माटलूच्या सगळ्या नोंदी काढून वाचत बसले. सुरुवातीच्या वाचताना हसू येत होतं. मोठ्याने हसले एकदा, पोरं बघायला लागली. फोनवरच्या दिवसांच्याही ओळखू आल्या, वॉर्डातल्या ट्रॉलीसकट. पण त्याच्यापुढे आल्यावर माझं चालेना. एकेक निरोप वाचायचे आणि स्वतःला विचारायचे, हे तो बोलला होता की मी? ‘ताका फाटका निघाला तर मिलच्या गळ्यात.’ हे त्याचं आहे का? वाटतंय तर त्याचं. पण तसं तर मीच लिहायला शिकले होते. कुठल्या नोंदीला त्याने हुंकार दिला होता, कुठल्या नोंदीच्या वेळी आईने फोन नुसताच धरला होता? मला आठवेना. त्याचा आवाज मला आठवतो, पण त्या शेवटच्या दिवसांतली त्याची वाक्यं आणि माझी वाक्यं एकमेकांत कालवली गेली आहेत आणि ती वेगळी करणारा माणूस माझ्याशिवाय जगात नाही, आणि मलाच येत नव्हतं. तो मेला तेव्हा जे वाटलं होतं तेच परत वाटलं. आठवण जाते म्हणतात, ती अशी जाते हे मला माहीत नव्हतं. माणूस आठवतो आणि त्याचं शेवटचं खरं वाक्य कुठलं ते आठवत नाही.

लीडला कोरे निरोप दिसलेच होते. ती हळूच म्हणाली, इथून कोरे सुरू होतात, म्हणजे इथे रेघ धरू का? तिचं चुकत नव्हतं. पण त्याच्या आधीचे शेवटचे दिवस त्याचे की माझे, हे मी अजून ठरवलं नव्हतं. मी रविवारपर्यंत वेळ मागितला.

रविवारी घरी आई कळण्याच्या भाकरी करत होती. आबा ओट्याशी भिंतीला टेकून बसले होते. त्यांना आता फारसं ऐकू येत नाही. इतकी वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसांचे कान असेच जातात, आमच्या गल्लीतले निम्मे म्हातारे ओरडून बोलतात. त्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही राहत नाही. भावाचा विषय आबा कधी काढत नाहीत. त्यांच्यासमोर आम्हीही काढत नाही, कारण तो ओरडून काढावा लागतो.

पण आईने त्या दिवशी विचारलं की तू जेवत का नाहीस, आणि मी तिला सांगितलं. ऑफिसात जुनं काम नव्या ठिकाणी नेतायत, त्याचं कुठपर्यंत आणि माझं कुठून, ते मला सांगायचं आहे. आईने भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, “त्यानं नाव तठे ऱ्हाई ना?” त्याचं नाव तिथे राहील, मी म्हटलं, पण कुठपर्यंत ते कळत नाही. आबांनी आमची तोंडं हललेली बघितली आणि हात केला, काय चाललंय? मग मला सगळं मोठ्याने सांगावं लागलं.

आबांनी ते एकदा ऐकलं आणि त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं, कारण त्यांनी जन्मभर तेच केलं होतं. एक लूम दोन माणसं चालवतात, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. कापड मात्र एकच, सलग. पाळी बदलताना चालू कापडावर खडूने रेघ ओढायची, म्हणजे कुणी किती मीटर विणलं ते कळतं. रेघेअलीकडचं त्याचं, पलीकडचं माझं. आबांचा जोडीदार एकदा महिनाभर काविळीने खचला होता. यायचा, लूमपाशी बसून राहायचा. आबा त्याच्या पाळीतच लवकर येऊन लूम चालवायचे आणि रेघ मात्र पुढे सरकवून ओढायचे, म्हणजे ते कापड त्याचं धरलं जायचं. आई तेव्हा त्यांच्याशी भांडली होती, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आबा म्हणायचे, तो तिथे बसला होता ना.

तेच ते आता म्हणाले. “तो व्हता ना? मंग त्यानंच.” तो होता ना, मग त्याचंच. खाटेवर होता, फोन कानाशी होता, तोवर सगळं त्याचं. मला एकदम हलकं वाटलं. इतकं सरळ होतं ते. हुंकार आला की नाही, डोकं कुणाचं होतं, हे बघायचंच नव्हतं. तो होता तिथपर्यंत रेघ सरकवायची. म्हणजे ती बरोबर कोऱ्या निरोपांच्या आधी येत होती, लीडने दाखवली तिथेच. मी आबांना मोठ्याने सांगितलं की हो, तसंच करते, तो होता तिथपर्यंत.

त्यांनी मान हलवली. पायाचा अंगठा दाबत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

“आखो थोडी पुढे सरकावता नही येस का?”

अजून थोडी पुढे सरकवता येत नाही का.

मी हळू आवाजात म्हटलं, आबा, त्याच्यापुढे तो नव्हताच. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला आणि माझ्याकडे वळले, काय म्हणालीस? तेवढ्यात आईचा हात परातीत थांबला. ते वाक्य मला ओरडून म्हणावं लागणार होतं. तो नव्हता तेव्हा, आबा. गेला होता. गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी तोंड उघडलं. आबा माझ्या ओठांकडे बघत होते, त्यांना सगळं माहीत होतं, तरीही बघत होते.

“येस, आबा,” मी ओरडले. “सरकावता येस.”

सोमवारी मी लीडला नंबर दिला. तिने तो लावून बघितला, तारीख बघितली. भाऊ कधी गेला ते मी तिला सांगितलेलं होतं. ती तारखेकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. पक्कं ना, तिने विचारलं. पक्कं, मी म्हटलं. तिने नंबर टाकला. फक्त म्हणाली की कोरे निरोप तिला नव्या ठिकाणी नको आहेत, हा पहिला त्यांच्या नावावर जातोय, तर यात काही तरी लिहा. मी की-बोर्ड जवळ ओढला आणि लिहिलं, ‘टाक आते’. तिने विचारलं, याचा अर्थ काय? मी सांगितलं, आमच्याकडे काम पुरं झालं की असं म्हणतात.

संध्याकाळी कपाटातला जुना कॉम्प्युटर शेठनी स्वतः बंद केला. साथियाचं कुंकू त्याच्यावर अजून होतं. मी घरी आले तर आबा ओट्यावर माझीच वाट बघत होते. चप्पल काढेपर्यंतही थांबले नाहीत, हात केला, सरकवली का? मी म्हटलं, सरकवली. किती? कामाचा एक दिवस, आबा, मी एक बोट वर करून दाखवलं. त्यांनी त्या बोटाकडे बघितलं.

मग त्यांनी विचारलं, “त्या दिन त्यानी काय काम करं?”

आतून आई येऊन दारात उभी राहिली होती. मी आबांच्या शेजारी बसले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने सांगायला लागले. मिलमधून ताके परत आले होते, आबा. ते त्याने एकेक करून लिहून घेतले.